स्मरणिकेतले फोटो धूसर का आले?

पत्र: आमच्या मंडळाचं हे अमृतमहोत्सवी वर्ष. स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलंय. क्राऊन १/४ आकार, ९६ पानं. त्यातली १६ रंगीत, आर्ट पेपरवर, बाकीची मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनलेपाच्या कागदावर, एकरंगी. फोटो सगळ्यांकडून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मागवले. डीटीपीवाला म्हणाला, ‘हे ७२ डीपीआय आहेत, ३०० करून द्या.’ पुतण्याने फोटोशॉपमध्ये ३०० करून दिले. तरी प्रूफात निम्मे फोटो धूसर, आणि एकरंगी पानांवरचे चेहरे काळेठिक्कर. प्रेसवाले म्हणतात मटेरियल खराब, डीटीपीवाला म्हणतो प्रेस खराब. छपाईला तीन आठवडे उरलेत. काय करू? — एक कार्यकर्ती, गिरगाव

उत्तर:

ताई, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण गाडी अडली ती त्या दोघांच्या आधी. ग्रुपवर ‘जुने फोटो पाठवा’ असा मेसेज गेला, तेव्हा कुठला फोटो पानावर किती इंचांत बसणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फोटो छपाईला चांगला की वाईट हे त्याला दिलेल्या जागेवर ठरतं. दीड इंचात झकास दिसणारा चेहरा सहा इंचांत ताणला की विस्कटतो. तेव्हा प्रेस बदलायचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि हातात फूटपट्टी घ्या.

आधी त्या ३००चं बघू. फोटोत असतात ते पिक्सेल, म्हणजे रंगाचे बारीक चौकोन. मोबाइलवरचा मूळ फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असेल, तर फाइलवर ७२ लिहिलेलं असो की ३००, पिक्सेल तेवढेच. ७२ म्हणजे ‘एका इंचात ७२ मांडा’ एवढी सूचना. त्या हिशेबाने तो फोटो साडेपंचावन्न इंच रुंद होतो, आणि ३००ने मांडला तर सव्वातेरा इंच. तुमचं पानच सव्वासात इंचांच्या आसपास रुंद, म्हणजे असा ‘७२चा’ फोटो बिनधास्त पानभर जाईल. उलट ६४० बाय ४८०चा फोटो ३००ने मांडला की दोन इंचांच्या जरा पुढे जातो, बस्स.

पुतण्याने इमेज साइझमध्ये ‘रीसॅम्पल’ची खूण तशीच ठेवून ७२च्या जागी ३०० टाकले असणार. तसं केलं की इंच तेवढेच राहतात आणि मधले पिक्सेल सॉफ्टवेअर आजूबाजूचे बघून अंदाजाने भरतं. पिक्सेल सतरा पट होतात, फाइल फुगते, नाकडोळे मात्र होते तेवढेच. त्याला सांगा, फुगवलेल्या फाइली बाजूला टाक, मूळ फाइल उघड, ती खूण काढ आणि मग ३०० लिही. रुंदीच्या चौकटीत जो इंचांचा आकडा उमटेल, तेवढ्या जागेत तो फोटो डोळे झाकून लावता येतो. डीटीपीवाला पानं लावायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असेल तर काम आणखी सोपं आहे. लिंक्स पॅनलमध्ये फोटोवर क्लिक केलं की ‘ॲक्च्युअल’ आणि ‘इफेक्टिव्ह’ असे दोन पीपीआय, म्हणजे एका इंचातले पिक्सेल, दिसतात. पहिल्याकडे बघूच नका. पानावर लहानमोठा केल्यानंतर एका इंचात खरोखर किती पिक्सेल उरले ते दुसरा सांगतो: ३००चा फोटो दुप्पट ताणला की तिथे १५० दिसतील. जुनं पेजमेकर असेल तर फोटोचे पिक्सेल भागिले पानावरचे इंच, एवढा भागाकार कागदावर करा.

आणि ३०० हा काही वेदवाक्य नाही. ऑफसेटमध्ये फोटो ठिपक्यांच्या जाळीत छापला जातो. ती जाळी, म्हणजेच स्क्रीन, आर्ट पेपरवर साधारण इंचाला १५० ओळींची असते, मॅपलिथोवर १३३च्या आसपास, वर्तमानपत्रात ८५ ते १००. जाळीच्या दीडपट ते दुप्पट पिक्सेल मिळाले की काम होतं. म्हणजे रंगीत १६ पानांना ३०० धरा, मॅपलिथोला २०० ते २५० पुरे. वर्तमानपत्राला तर १५०-२००मध्ये भागतं. प्रेसला एकदा विचारा, ‘मॅपलिथोला स्क्रीन किती लाइनची लावता?’ प्रश्न ऐकूनच समोरचा माणूस तुमच्याशी जरा नीट बोलायला लागेल.

आता व्हॉट्सॲप. त्याला सरसकट शिव्या घालण्यात अर्थ नाही. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो. तो मॅपलिथोवर पानाच्या मजकुराइतक्या रुंदीत, म्हणजे सहा इंचांत आडवा लावला तर २६०च्या वर जातो. चालतो की! खरा घोळ वेगळाच असतो. कुणी तो उतरवून घेतो, कापतो, पुन्हा पाठवतो. कुणी फेसबुकवरून स्क्रीनशॉट काढतो. कुणी भिंतीवरची तसबीर काचेसकट टिपतो. प्रत्येक फेरीत जेपेग नव्याने दाबला जातो आणि चेहऱ्याभोवती ते चौकोनी किडे दिसायला लागतात. तेव्हा सगळे फोटो पुन्हा मागवू नका, तीन आठवड्यांत लोक वैतागतील. पानागणिक यादी करा, समोर इंच लिहा, भागाकार करा. जे कमी पडतात तेवढ्यांच्याच घरी फोन करा आणि नेमकं सांगा: ‘मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहे त्यातूनच पाठवा, आणि डॉक्युमेंट म्हणून जोडा.’ डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फाइल जशीच्या तशी येते. एवढं करूनही जे मिळणार नाहीत ते पानावर लहान करा. लहान फोटोला कमीपणा येतो असं मंडळांना उगाच वाटतं. पाव पानाचा स्वच्छ फोटो, बाजूला मोकळी जागा आणि खाली नीट नावं, हे पानभर धुक्यापेक्षा कधीही बरं.

पंचाहत्तर वर्षांचं मंडळ म्हटल्यावर जुन्या अल्बमचा भाग मोठा असणार. तिथे मोबाइलला हात लावू नका, स्कॅनर वापरा, आणि स्कॅन करताना शेवटी तो फोटो पानावर केवढा होणार ते डोक्यात असू द्या. त्याच आकारात छापायचा असेल तर ३००ने स्कॅन पुरतं, दुप्पट करायचा तर ६००. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा असतो. तो संस्थापकांच्या पानावर १४० मिलिमीटर रुंद करायचा तर १२००ने स्कॅन करायला हवा. त्यापुढे मूळ फोटोच्या कागदाचा पोत आणि सुरकुत्या तेवढ्या मोठ्या होतात. स्कॅन टिफमध्ये ठेवा. फोटो जुना, काळापांढरा असला तरी रंगीतच स्कॅन करा. पिवळे डाग काढायला ते सोयीचं पडतं, काळापांढरा मागाहून करता येतो.

एखादी आजी अल्बम घराबाहेर जाऊ देणार नाही. तिचं बरोबरच आहे. मग खिडकीजवळ टेबल घ्या, फ्लॅश बंद, काच काढता येत असेल तर काढा, फोन फोटोला समांतर धरा आणि अगदी नाकाशी न धरता जरा लांबून, साध्या १एक्स कॅमेऱ्याने टिपा. जवळ गेलं की कडा वाकतात.

वर्तमानपत्रातल्या कात्रणाचं दुखणं वेगळं. त्यात आधीच एक ठिपक्यांची जाळी आहे, तिच्यावर तुमच्या प्रेसची दुसरी जाळी बसली की लाटालाटांची नक्षी उमटते. स्कॅनरमध्ये ‘डीस्क्रीन’, म्हणजे जुनी जाळी पुसण्याची सोय, असेल तर लावा. मला विचाराल तर कात्रण कात्रण म्हणूनच, मथळ्यासकट आणि फाटक्या कडेसकट छापा. त्यातला चेहरा कापून मोठा करण्याचा हट्ट नको.

आणि हो, चेहरे ‘सुधारून’ देणारी ती ॲप. दिवंगत कार्यकर्त्यांच्या फोटोंना ती लावू नका. गेलेले तपशील त्या ॲपला कुठून मिळणार? ती नवे डोळे, नवे दात काढून देते. दिसायला चकचकीत, पण घरच्यांना बाबा ओळखू येत नाहीत. जुन्या मंडळींच्या बाबतीत धूसर पण खरा फोटो मला चालतो, खोटा चालत नाही.

काळेठिक्कर चेहऱ्यांकडे येऊ. इथे तुमच्या फोटोंचा दोष कमी आहे. मॅपलिथोवर लेप नसतो, तो शाई पितो आणि ठिपका पसरतो. फाइलमधला ५० टक्के करडा कागदावर ७०च्या घरात दिसतो. पडद्यावर सावळा दिसणारा गाल छापताना काळा होतो तो यामुळे. उपाय आधीच करायचा असतो. फोटोशॉपमध्ये फोटो ग्रेस्केल करा, ‘कर्व्ह’ या उजेड-अंधार बदलणाऱ्या रेषेचा मधला भाग उचला, इतका की पडद्यावर फोटो थोडा फिका, पाणचट वाटला पाहिजे. सगळ्यात काळी जागा ९० टक्क्यांवर थांबवा, नाहीतर कोट आणि केस एक होऊन जातात. सगळ्यात पांढऱ्या जागेत ४-५ टक्के ठिपका ठेवा, नाहीतर पांढरं धोतर आणि कागद यांतली रेघच पुसली जाते. हे सगळ्या फोटोंना डोळे मिटून एकच आकडा लावून करू नका. चेहरा बघून करा.

विसर्जनाच्या फोटोंची तर खास अडचण आहे. गुलाल. रंगीत फोटोत गुलालाने माखलेला चेहरा छान दिसतो, पण तोच फोटो नुसता ग्रेस्केल केला की लाल रंग गडद करड्यात जातो आणि नाचणारी अख्खी रांग काजळी फासल्यासारखी दिसते. तिथे सरळ ग्रेस्केल न करता ‘ब्लॅक अँड व्हाइट’ ॲडजस्टमेंट घ्या आणि लाल व मॅजेंटाची पट्टी उजवीकडे सरकवा, चेहरे उजळतात. मग ग्रेस्केल. एकरंगी पानावर फोटो रंगीतच ठेवून ‘प्रेसवाला करेल काळापांढरा’ म्हणत सोडून देऊ नका. मशीन करेल, पण चेहरे बघून करणार नाही.

रंगीत १६ पानांबद्दल थोडंच. राजा रविवर्म्याने १८९४मध्ये लिथो प्रेस काढला तो तुमच्याच गिरगावात. तिथे एका चित्राला रंगागणिक वेगळा दगड लागायचा. आता चार प्लेटांत भागवतात आणि त्या चार शायांत मंडपातला निळा-जांभळा एलईडीचा झगमगाट बसत नाही. मोबाइलवर जो निळा डोळ्यात भरतो तो कागदावर मळकट जांभळा होणार, कुठल्याही प्रेसमध्ये. म्हणून मुखपृष्ठासाठी एलईडीखालचा फोटो निवडू नका, दिवसाच्या उजेडातला किंवा साध्या पिवळ्या दिव्यातला निवडा. शेंदरी, सोनेरी, झेंडूचा पिवळा हे रंग चार शायांत बऱ्यापैकी उतरतात. फोटो शेवटपर्यंत आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांत, ठेवा, रंग सुधारा, आणि सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, बदल एकदाच, प्रेस सांगेल त्या प्रोफाइलने करा. आधी इकडे, मग तिकडे, मग परत इकडे असं केलं की दर वेळी रंग थोडा मरतो.

पानं लावताना डीटीपीवाल्याला दोन गोष्टी बजावा. फोटो कॉपी-पेस्ट नको, ‘प्लेस’ करायचा, म्हणजे पान मूळ फाइलशी जोडलेलं राहतं आणि तुम्ही सुधारलेला फोटो आपोआप बदलता येतो. सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये, नाव रोमन लिपीत आणि लहान, सुरुवातीला पान क्रमांक. प्रेसला फाइल देताना पॅकेज करून, म्हणजे जोडलेल्या सगळ्या फोटोंसकट, द्यायची. पेजमेकरमध्ये ‘रिमोट प्रिंटिंग’साठी कॉपी करण्याची सोय आहे, तीच वापरा. नुसती पानाची फाइल पेन ड्राइव्हवर नेली की प्रेसमध्ये लिंक तुटलेल्या दिसतात आणि पडद्यावरचं ते हलकं, धूसर चित्र प्लेटवर जातं. तुमच्या प्रूफातले निदान काही फोटो त्यामुळे बिघडले असतील, हे आधी तपासा.

दुसरं, लेखकांनी वर्डच्या फाइलमध्ये चिकटवलेले फोटो. ते तिथून कॉपी करून पानावर आणू नका. फाइलच्या नावातला शेवटचा ‘डॉकएक्स’ बदलून ‘झिप’ करा, उघडा, आत मीडिया नावाच्या फोल्डरमध्ये सगळी चित्रं सुटी सापडतील. पण वर्ड साठवतानाच चित्रं दाबतो, त्यामुळे लेखकाकडे मूळ फाइल असेल तर तीच घ्या.

स्मरणिका जाहिरातींवर चालते, आणि जाहिराती येतात व्हिजिटिंग कार्डाचा फोटो होऊन. तो तसाच लावला की अक्षरं करड्या ठिपक्यांत फुटतात, रंगीत पानावर तर चारही शायांत. जाहिरातदाराकडे कोरलची किंवा पीडीएफ फाइल मागा, फाँट कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचं रेघांच्या चित्रात रूपांतर केलेली. नसेलच तर मजकूर नव्याने टाइप करा, अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त लोगो स्कॅन करायचा असेल तर तो १२००ने, नुसत्या काळ्यापांढऱ्या बिटमॅपमध्ये. रेघांच्या चित्राला ३०० पुरत नाहीत, कडा दातेरी दिसतात. सह्यांचंही तसंच.

मांडणीबद्दल माझी मतं जरा कडवट आहेत, तरी सांगते. पदाधिकाऱ्यांचे गोल फोटो नकोत. कडा विरघळवलेले फोटोही नकोत. एका पानावर अठरा फोटो कोंबण्याऐवजी चार निवडा. भांडण होईल, होऊ द्या. समूहफोटो दोन पानांवर पसरवायचा असेल तर मधोमध कुणाचा चेहरा येत नाही ना ते बघा. ९६ पानं चिकटवून बांधली तर शिवणीकडे निदान अर्धा इंच गिळला जातो, आणि नेमके अध्यक्षच तिथे उभे असतात. कडेला भिडणारा फोटो कापण्याच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर जास्त न्या. समूहफोटोखाली नावं ‘डावीकडून’ अशी सुरुवात करून, आणि ती नावं त्या काळातल्या दोन माणसांकडून तपासून. आरसा झालेला फोटोही पकडा: मागच्या फलकावरची अक्षरं उलटी दिसतात, किंवा सदऱ्याची बटणं भलत्या बाजूला.

फोटो कुणाचा, हेही विचारून ठेवा. मंडळाने किंवा घरच्यांनी पैसे देऊन स्टुडिओकडून काढून घेतलेला असेल तर वेगळा करार नसताना हक्क सहसा काढून घेणाऱ्याचा असतो. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने टिपलेला तसा नसतो. हक्क सहसा छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, तेव्हा लेखी परवानगी घ्या. गूगलवर सापडला म्हणजे मोफत झाला असं नाही.

पीडीएफ करताना ‘स्मॉलेस्ट फाइल साइझ’ निवडू नका. त्यात फोटो इंचाला १०० पिक्सेलपर्यंत खाली येतात आणि तुमची सगळी मेहनत एका क्लिकमध्ये जाते. ‘प्रेस क्वालिटी’ घ्या किंवा प्रेस सांगेल तो पीडीएफ/एक्स प्रकार. फाइल ई-मेलने जात नाही म्हणून पुन्हा लहान करण्याचा मोह अनेकांना होतो. त्यापेक्षा पेन ड्राइव्ह घेऊन जा. तयार पीडीएफ ॲक्रोबॅटच्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये उघडा आणि काळा सोडून बाकी तीन रंग बंद करून एकरंगी पानं बघा. त्या पानावरचा फोटो फिका पडला किंवा गायब झाला, तर तो अजून रंगीतच आहे.

शेवटचं प्रूफाचं. तुम्ही पाहिलेलं प्रूफ कुठल्या कागदावर होतं ते पत्रात नाही, पण बहुतेक वेळा ते ऑफिसच्या लेझर प्रिंटरवरचं असतं. ते मजकूर वाचायला ठीक, फोटोचा निकाल त्यावर लावू नका. रंगीत पानांचं आर्ट पेपरवर डिजिटल प्रूफ मागा, थोडे पैसे पडतील. एकरंगी पाच फॉर्म्यांपैकी (फॉर्मा म्हणजे एकत्र छापली जाणारी १६ पानं) ज्यात चेहरे सर्वांत जास्त तो आधी मशीनवर घ्यायला सांगा आणि त्या दिवशी स्वतः जा, सोबत अध्यक्षांना नेऊ नका. मशीनमनने शाई जमवून शीट हातात दिली की ट्यूबलाइटखाली न बघता दाराशी उजेडात न्या. चेहरे जड वाटले तर शाई थोडी उतरवायला सांगा, पण मजकूर फिका पडेल इतकी नाही. तेवढ्यानेही भागलं नाही तर मशीन थांबवा, त्या फॉर्म्यातले फोटो आणखी उजळून नव्या प्लेटा काढायला लावा. प्लेटांचा खर्च फुकट गेलेल्या कागदापेक्षा कमी असतो, आणि पाच फॉर्म्यांपैकी उरलेल्या चार फॉर्म्यांना कर्व्ह किती उचलायचा तेही त्या शीटवरून कळतं.